मॉल आधी झाला, गाव राहून गेलं

महाराष्ट्रातल्या महापालिकांच्या नगररचना विभागांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मी वाहतूक नियोजनाचं काम करते. शिक्षण पुण्यात झालं आणि नोकरी गेली एकोणीस वर्षं अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनिॲपोलिस शहराच्या परिसरात. आपल्यापैकी काही जण माझ्याच वर्गातले आहेत, तेव्हा हे पत्र परक्याचं समजू नये.

डिसेंबरात पुण्याला आले होते. भावाने शहराच्या कडेला एका मोठ्या गृहप्रकल्पात घर घेतलंय. त्याच्या अकराव्या मजल्यावरच्या गॅलरीतून समोर मॉल दिसतो, काचेचा, रात्री उशिरापर्यंत झगमगणारा. मॉलच्या पलीकडे दोन भूखंड निळे पत्रे ठोकून बंद केलेले आहेत. एकावर शाळा होणार होती, दुसऱ्यावर बाग. माहितीपुस्तिकेत दोन्हींची रंगीत चित्रं होती. भावाने ती पुस्तिका अजून जपून ठेवलीय. वरून पाहिलं की पत्र्यांच्या आत छातीभर वाढलेलं गाजरगवत दिसतं आणि एका कोपऱ्यात काँक्रीट मिक्सरचा गंजका ड्रम. भाची पाचवीत आहे. तिची शाळेची बस सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी येते, कारण शाळा तासाभराच्या अंतरावर आहे.

"अगं, मॉल झाला ना, बाकीचंही होईल हळूहळू," भाऊ म्हणाला.

हे 'हळूहळू' केवढं असतं ते मला ठाऊक आहे. माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर ईडायना नावाचं उपनगर आहे. तिथे १९५६ साली मॉल झाला. 'बाकीचं' यायला साठ वर्षं लागली आणि आलं तेही तुकड्यातुकड्यांनी. त्या मॉलची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉलचा जो साचा पुढे जगभर गेला आणि १९९९ मध्ये मुंबईत हाजीअलीच्या क्रॉसरोड्सपर्यंत येऊन पोचला, तो इथेच पडला. आणि ज्या आराखड्यातून तो घेतला, त्यातला एकच तुकडा प्रत्यक्षात बांधला गेला होता.

साउथडेल सेंटर हे त्याचं नाव. माझी त्याच्याशी खरी ओळख झाली ती अण्णांमुळे. अण्णा म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सांगलीहून ते पहिल्यांदा आमच्याकडे आले ते ऐन जानेवारीत. बाहेर उणे पंचवीस अंश. रोज पहाटे कृष्णाकाठी फिरायला जाणारा माणूस, आठ दिवस खिडकीतून बर्फ बघत बसला आणि नवव्या दिवशी चिडचिड करायला लागला. मग मी ऑफिसला जाताना त्यांना साउथडेलला सोडू लागले. इथले म्हाताऱ्याकोताऱ्या बायका-माणसं हिवाळ्यात मॉलमध्येच फिरतात. दुकानं उघडण्याआधी यांच्या फेऱ्या सुरू झालेल्या असतात. अण्णा माकडटोपी खिशात घालून त्यांच्यात सामील झाले. फेऱ्यांचा हिशेब ठेवायला त्यांनी शेंगदाण्यांची युक्ती काढली. फेरी पुरी झाली की एक दाणा डाव्या खिशातून उजव्या खिशात. दहा दाणे झाले की मधल्या चौकात बाकावर बसायचं आणि ते खायचे.

पहिल्या दिवशी बसण्याआधी त्यांनी मला फोन केला. "इथे नुसतं बसलं तर चालतं ना? काही घ्यावं लागत नाही ना?"

तो चौक नुसतं बसण्यासाठीच बांधला होता. छतातून दिवसाचा उजेड खाली येतो. हॅरी बर्टोया या शिल्पकाराने केलेली धातूची उंच सोनेरी 'झाडं' १९५६ पासून तिथे आहेत. सुरुवातीला तिथे खरी झाडं होती, पाण्याचं कुंड होतं, पदपथावर असावं तसं कॅफे होतं आणि एकवीस फूट उंचीचा पक्ष्यांचा पिंजरा होता. चौकाचं नावच 'चिरवसंताचा बगीचा' अशा अर्थाचं ठेवलं होतं. ज्या गावात पाच-पाच महिने जमीन दिसत नाही, तिथे हे नाव वाचून लोकांना काय वाटलं असेल याची कल्पना इथला एक हिवाळा काढल्याशिवाय येत नाही.

हे रचणारा माणूस व्हिक्टर ग्रुएन. मूळचा व्हिएन्नाचा, १९०३ चा जन्म, ज्यू. तिथे इमारतींची कामं करायचा आणि संध्याकाळी राजकीय टीका करणाऱ्या नाटुकल्यांमध्ये काम करायचा. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळली तेव्हा जीव वाचवून अमेरिकेत पोचला, खिशात आठ डॉलर घेऊन. न्यूयॉर्कमध्ये दुकानांच्या दर्शनी बाजू सजवता सजवता त्याचं नाव झालं. १९५४ मध्ये डेट्रॉइटजवळ हडसन्स या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरसाठी त्याने नॉर्थलँड हे उघड्यावरचं खरेदी केंद्र बांधलं, ते तुफान चाललं.

पण त्याच्या डोक्यात खरेदी नव्हती, व्हिएन्ना होती. चालत चालत भेटणारी माणसं, कॅफेत तासन्‌तास बसणं, चौकातल्या गप्पा. अमेरिकन उपनगरात त्याला यातलं काहीच दिसेना. घर, गाडी, रस्ता, परत घर. घरी राहणाऱ्या बायका दिवसभर एकट्या. त्याला वाटलं, या विखुरलेल्या घरांना एक मध्य द्यावा. लोक खरेदीसाठी तर येतातच. त्या निमित्ताने त्यांना एक गाव द्यावं.

मिनिॲपोलिसमध्ये डेटन्स हे त्या वेळचं सगळ्यात मानाचं डिपार्टमेंट स्टोअर होतं. जॉर्ज डेटनने १९०२ मध्ये निकोलेट अव्हेन्यूवर ते सुरू केलं होतं. आपल्याकडच्या वाचकांना डिपार्टमेंट स्टोअर म्हणजे काय ते मॉलच्या आधी कळलं ते बहुधा १९९१ मध्ये अंधेरीला शॉपर्स स्टॉप निघालं तेव्हा. एकाच मालकाची अनेक मजली दुकानदारी, साड्यांपासून सतरंज्यांपर्यंत वेगवेगळे विभाग, ठरलेला भाव, आणि ग्राहकाला हात लावून बघायची मुभा. डेटन्स तसंच, पण शहराच्या जिव्हाळ्याचं. नाताळात त्याच्या खिडक्या बघायला लोक मुलांना घेऊन जायचे. युद्धानंतर ही गिऱ्हाइकं उपनगरांत राहायला गेली, तेव्हा डेटन्सने त्यांच्या मागे जायचं ठरवलं आणि ग्रुएनला बोलावलं.

डेटन कुटुंबाने ईडायनात शेतजमिनी घेतल्या. एकूण आराखडा ४६३ एकरांचा. ग्रुएनने त्यावर जे काढलं ते तुम्हाला फार ओळखीचं वाटेल. मध्यभागी खरेदी केंद्र. भोवती इमारतींतली घरं आणि स्वतंत्र घरं, शाळा, आरोग्य केंद्र, बाग, एक तळं. आज आपण टाउनशिप म्हणतो तीच.

खरेदी केंद्र कसं चालावं याचा त्याने केलेला विचार मात्र नवा होता. मिनेसोटात वर्षभरात जेमतेम १२६ दिवस खरेदीला बरे असतात, असं गणित मांडून त्याने सगळं एका छताखाली घेतलं. आतलं हवामान एकसारखं असल्यामुळे प्रत्येक दुकानाला थंडी-वाऱ्यासाठी वेगळी दर्शनी भिंत लागली नाही, दुकानं चौकाकडे उघडी ठेवता आली. लांबलचक एकमजली रांगेऐवजी दोन मजले केले, म्हणजे एक फेरी वरून, एक खालून. वाहनतळाच्या चढ-उताराचा उपयोग करून दोन्ही मजल्यांवर थेट प्रवेश ठेवले, कारण ग्राहक आपण होऊन जिना चढत नाही. आणि सगळ्यात धाडसाची गोष्ट: डेटन्सच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याला, डोनाल्डसन्सला, त्याच छताखाली दुसऱ्या टोकाला जागा दिली. दोन्ही टोकांना दोन मोठी दुकानं असली की लोक या टोकाकडून त्या टोकाकडे जाणार आणि मधली सगळी छोटी दुकानं जगणार. आज आपल्याकडे प्रत्येक मॉलच्या नकाशात 'अँकर' लिहिलेलं असतं, त्याची सगळी युक्ती यात आहे. मोठ्याला स्वस्तात जागा द्यायची, कारण तो माणसं ओढतो. भाडं मिळवायचं ते मधल्या छोट्यांकडून. म्हणूनच अँकर गेला की मधली दुकानं एकेक करून मिटतात.

८ ऑक्टोबर १९५६ ला साउथडेल उघडलं. २ कोटी डॉलर खर्च, ७२ दुकानं, सुमारे ५,२०० गाड्यांचा तळ. पहिल्या दिवशी ७५,००० लोक आले. देशभरच्या मासिकांनी कौतुकाचा वर्षाव केला. थोड्याच दिवसांत अमेरिकेतला नामवंत वास्तुकार फ्रँक लॉइड राइट बघायला आला आणि त्याने मात्र सपशेल नावं ठेवली. गावातल्या रस्त्याचे सगळे दुर्गुण इथे आहेत आणि गोडवा तेवढा नाही, अशा अर्थाचं तो बोलला. मला राइटचं पूर्ण पटत नाही. उणे पंचवीस अंशांत त्या चौकात शेंगदाणे खात बसलेला माझा बाप मी पाहिलाय. गोडवा होता. पण राइटला जे बोचलं तेही खरं होतं, कारण तो ज्या दारातून आत आला त्या दाराबाहेर फक्त गाड्या होत्या.

गाव झालंच नाही. का झालं नाही, हे तुमच्या खात्याने समजून घ्यावं असं मला फार वाटतं, कारण यात कोणी लबाडी केली असं नव्हे. मॉल इतका चालला की भोवतीच्या जमिनीचा भाव चढला. भाव चढल्यावर तळं आणि शाळा परवडेनाशी झाली. जो जास्त पैसे देईल त्याला तुकडे विकले गेले आणि जास्त पैसे देणारे होते ते गाडीतून येणाऱ्या गिऱ्हाइकांवर जगणारे. आराखड्यातली सामाजिक कामं मॉलच्या नफ्यातून व्हायची होती, आणि त्या नफ्यानेच त्यांची जागा महाग करून टाकली. भावाच्या गॅलरीतून दिसणाऱ्या त्या पत्र्यांच्या आत हेच चाललंय. शाळेचा भूखंड दर वर्षी अधिक किमती होतो आणि दर वर्षी शाळा बांधणं मालकाला अधिक जड जातं.

सरकारही मदतीला होतं. १९५४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने नव्या व्यापारी इमारतींवरचा घसारा, म्हणजे इमारत जुनी होते त्यापोटी करपात्र उत्पन्नातून वजा होणारी रक्कम, सुरुवातीच्या वर्षांत भराभर वजा करायची सवलत दिली. म्हणजे शहरातली जुनी इमारत नीट करण्यापेक्षा कडेला शेतात नवी बांधणं कराच्या दृष्टीने फायद्याचं. २९ जून १९५६ ला महामार्गांचा मोठा कायदा झाला. साउथडेल त्यानंतर सव्वातीन महिन्यांनी उघडलं.

आणि एक गोष्ट, जी इथे राहणारी मराठी माणसं सहसा बोलत नाहीत. त्या काळात ईडायनात कोण राहू शकत होतं? १९२० च्या दशकापासून तिथल्या वस्त्यांच्या खरेदीखतांतच गोऱ्यांखेरीज कोणाला घर विकायचं वा राहू द्यायचं नाही अशी कलमं घातलेली होती. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कलमं बजावायला मनाई केली, पण घरांच्या बाबतीत भेदभावाला देशभर बंदी करणारा कायदा १९६८ मध्ये आला. ग्रुएन, जो स्वतः वंशाच्या नावाखाली देशोधडीला लागला होता, त्याचं गाव अशा जागी उभं राहणार होतं. आज ईडायनात आणि शेजारच्या गावांत भारतीय कुटुंबं पुष्कळ आहेत. अण्णा ज्या बाकावर बसायचे, त्या चौकाभोवतीच्या घरांत १९५६ साली त्यांना राहू दिलं नसतं, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे गाव असं कागदावर लिहूनच ठेवतात. वाईट लिहिता येतं तर चांगलंही लिहिता येईल की."

पाटबंधारे खात्यात तीस वर्षं आराखडे बघितलेल्या माणसाचं हे वाक्य. हे पत्र मी खरं तर त्यावरूनच लिहायला घेतलं.

पुढचा इतिहास भराभर सांगते. डेटन्सने साउथडेलनंतर अशीच आणखी केंद्रं काढली: १९६२ मध्ये ब्रुकडेल, १९६९ मध्ये रोझडेल, १९७४ मध्ये रिजडेल. बी. डाल्टन ही पुस्तकांच्या दुकानांची साखळी डेटन्सनेच १९६६ मध्ये साउथडेलपासून सुरू केली. १९६२ मध्ये याच कंपनीने रोझव्हिल या उपनगरात स्वस्त मालाचं एक साधं दुकान उघडलं, त्याचं नाव टार्गेट. तेच पुढे एवढं वाढलं की २००० मध्ये सगळ्या कंपनीचं नाव टार्गेट झालं आणि २००४ मध्ये डिपार्टमेंट स्टोअर्स विकून टाकली गेली. डेटन्सची पाटी २००१ मध्ये उतरली, तिथे मार्शल फील्ड्स आलं. २००६ मध्ये तीही उतरली आणि मेसीज आलं. डोनाल्डसन्स १९८७ मध्येच शिकागोच्या एका कंपनीत विरून गेलं होतं. जेसीपेनी १९७२ मध्ये तिसरं मोठं दुकान म्हणून आलं होतं. ते गेल्यावर त्याची इमारत पाडली. १९९२ मध्ये शेजारच्या ब्लूमिंग्टनमध्ये मॉल ऑफ अमेरिका उघडला आणि साउथडेलची गर्दी तिकडे वळली. ब्रुकडेल तर २०१० मध्ये बंदच पडलं आणि जमीनदोस्त झालं.

शहराच्या मध्यभागाचं काय झालं तेही सांगायला हवं. उपनगरातल्या मॉलशी टक्कर द्यायला मिनिॲपोलिसने १९६२ पासून इमारतींना जोडणारे बंदिस्त पूल बांधले, १९६७ मध्ये निकोलेट अव्हेन्यू खाजगी गाड्यांना बंद करून पायी चालणाऱ्यांचा आणि बसचा रस्ता केला. तरी २०१७ मध्ये डेटनची ती मूळची इमारत दुकान म्हणून बंद झाली. तिथली शेवटची विक्री मी पाहिली. फिटिंग रूमचे आरसेसुद्धा किंमतीच्या चिठ्ठ्या लावून ठेवले होते, आणि एक म्हातारी बाई काहीही न घेता लिफ्टने प्रत्येक मजल्यावर जाऊन परत येत होती.

ग्रुएनने हे सगळं होताना पाहिलं. १९६८ मध्ये तो व्हिएन्नाला परत गेला. तिथे, त्याच्याच शहराच्या दक्षिणेला, १९७६ मध्ये एक अवाढव्य शॉपिंग सेंटर उघडलं. ज्या व्हिएन्नाची नक्कल तो अमेरिकेत करू पाहत होता, त्या व्हिएन्नात त्याच्या नकलेची नक्कल येऊन छोट्या दुकानदारांच्या मुळावर उठली. १९७८ मध्ये लंडनच्या एका भाषणात तो म्हणाला की या अनौरस पोरांची पोटगी मी देणार नाही. १९८० मध्ये तो वारला. मला त्याचा राग येत नाही. त्याने काढलेला नकाशा चांगला होता. त्यातलं काय आधी आणि काय नंतर हे ठरवण्याचा अधिकार त्याच्या हातात नव्हता.

तो अधिकार तुमच्या हातात आहे.

ईडायनात गेल्या काही वर्षांत काय घडलंय बघा. मॉलच्या वाहनतळाच्या कोपऱ्यावर २०१४ मध्ये २३२ घरांची वसाहत उभी राहिली. पाठोपाठ हॉटेल आलं. जेसीपेनीच्या जागी २०१९ मध्ये मोठी व्यायामशाळा आली. काउंटीचं, म्हणजे इथल्या जिल्ह्याचं, नागरी सेवा केंद्र मॉलमध्ये आलं. लोक तिथे गाडीचे नंबर आणि कागदपत्रं करायला येतात. रुग्णालय १९६५ मध्येच जवळ झालं होतं. आणि मैलभराच्या आत दक्षिणेला, जुन्या खडीच्या खाणीच्या खड्ड्यात, सेंटेनियल लेक्स नावाची बाग आहे, तिच्यात तळं आहे. हिवाळ्यात ते गोठलं की मुलं त्यावर स्केटिंग करतात. घरं, आरोग्य, बाग, तळं. ग्रुएनच्या कागदावरचं बरंचसं आलं.

पण आलेलं एकमेकांशी जोडलेलं नाही. मॉल आणि तळ्याच्या मधले रस्ते गाड्यांसाठी आखलेले, रुंद. मी मुलीला घेऊन एकदा मॉलपासून तळ्यापर्यंत मुद्दाम चालत गेले. एका चौकात पादचाऱ्यांचा दिवा लागेपर्यंत थांबलो, निघालो, आणि रस्ता निम्मा ओलांडेपर्यंत उलटे आकडे संपत आले. मुलगी सहा वर्षांची होती. तिला कडेवर घेऊन धावले. माझं काम असे दिवे मोजण्याचंच आहे, तेव्हा सांगते: एकदा रस्ता असा आखला गेला की पुढे तो दुरुस्त करणं हे तळं खणण्यापेक्षा अवघड आणि महाग असतं.

म्हणून माझी पहिली विनंती क्रमाची आहे. टाउनशिपच्या मंजुरीतच लिहून टाका की शाळेची इमारत आणि बाग वापरात आल्याशिवाय मॉलला भोगवटा प्रमाणपत्र मिळणार नाही. नुसता भूखंड 'हस्तांतरित' झाल्याचा कागद नव्हे. शाळेत मुलं बसलेली असली पाहिजेत. विकासक म्हणतील, मॉलचा पैसा आल्याशिवाय शाळा कशी बांधू. त्यांची अडचण खरी आहे, डेटन कुटुंबाचीही तीच होती. मग मॉलही टप्प्याटप्प्याने उघडू द्या. अर्धा मॉल, मग शाळा, मग उरलेला मॉल. पण ज्या दिवशी पूर्ण मॉल उघडतो, त्या दिवसानंतर तुमच्या हातात काही राहत नाही. तुम्ही पत्रं पाठवत राहता, ते मुदतवाढ मागत राहतात. हे मी तुमच्यातल्याच मित्रांकडून ऐकलंय; त्यांच्या आवाजातली हतबलता मला माहीत आहे.

आपल्याकडे हे जमत नाही असंही नाही. हडपसरला मगरपट्टा सिटीत शंभरावर शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली आणि विकून न टाकता तिच्या विकासात भागीदार राहिली. तिथे घरं, कचेऱ्या, शाळा, रुग्णालय, मोठी बाग असं सगळं वसलं आणि मोठा मॉल त्यानंतर काही वर्षांनी आला. ईडायनाच्या बरोबर उलटा क्रम. जमीन ज्यांची, त्यांनाच तिथे राहायचं होतं, यातच त्याचं कारण आहे.

दुसरी विनंती त्या चौकाबद्दल. ग्रुएनचा चौक गावाच्या चौकासारखा दिसतो, पण कायद्याने तो कोणाच्या तरी मालकीचा आहे. १९९९ मध्ये मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं की मॉल ऑफ अमेरिका ही खाजगी जागा आहे, तिथे निदर्शनं करण्याचा नागरिकांना घटनात्मक हक्क नाही. आपल्याकडे क्रॉसरोड्स उघडला तेव्हा सुरुवातीला क्रेडिट कार्ड किंवा मोबाइल असलेल्यांनाच सहज आत सोडत, ही बातमी तुम्हालाही आठवत असेल. आता तसं कोणी करत नाही. पण मागच्या खेपेला पुण्यातल्याच एका मॉलमध्ये आई थकली म्हणून बाकावर बसली, पिशवीतून घरचा डबा काढला, दोन घास पोळीभाजीचे खाल्ले, आणि रखवालदाराने येऊन उठवलं. तो बिचारा वीस-बावीस वर्षांचा पोरगा. "आजी, मला वरून सांगतात" म्हणाला. आईने डबा बंद केला. मधुमेह आहे तिला, गोळी घेऊन झाली होती.

मॉलला जादा चटईक्षेत्र देताना, रस्ते देताना, पाणी देताना महापालिका जनतेचं काहीतरी देत असते. त्याच्या बदल्यात चौकाचा एक भाग सार्वजनिक वापराचा म्हणून करारात नोंदवून घ्या. बाक, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, आणि काहीही विकत न घेता बसायचा हक्क. त्याचा फलक मराठीत, दाराशी, वाचता येईल एवढ्या अक्षरांत. पुण्या-मुंबईच्या मे महिन्यात म्हाताऱ्यांना सावलीची आणि गारव्याची तेवढीच गरज असते जेवढी मिनेसोटाच्या जानेवारीत उबेची.

तिसरी गोष्ट माझ्या धंद्यातली. मॉलचं मुख्य दार बसथांब्याकडे हवं, तळघरातल्या वाहनतळाकडे नको. मोठं दुकान कधी ना कधी जातं हे डेटन्सवरून दिसलंच. तेव्हा त्याची इमारत उद्या वाचनालय, दवाखाना किंवा वसतिगृह होऊ शकेल अशी असावी, तिला बाहेरून खिडक्या असाव्यात, तिच्या चारही बाजूंनी चालत जाता यावं. बिनखिडक्यांचा मोठा खोका रिकामा झाला की पाडण्यावाचून पर्याय राहत नाही.

आपल्यापैकी कोणी अभ्यासासाठी इकडे येणार असेल तर जरूर कळवा. लोक उन्हाळ्यात येतात, तुम्ही जानेवारीत या. सकाळी साउथडेलच्या चौकात बसू, फेऱ्या घालणारे म्हातारे बघू, मग तळ्यापर्यंत चालत जाऊ. किती वेळ लागतो आणि वाटेत कुठे थांबावं लागतं ते तुम्ही स्वतः लिहून घ्या.

भाची जूनमध्ये सहावीत जाईल. निघण्याच्या आदल्या दिवशी मी आणि ती त्या निळ्या पत्र्यांपाशी गेलो होतो. एक पत्रा वाकलेला आहे, त्या फटीतून आत डोकावता येतं. तिने विचारलं, वर्ग कुठे असणार होते? मी माहितीपुस्तिकेतलं चित्र आठवून हात करून दाखवलं: इकडे वर्ग, तिकडे मैदान. त्या भूखंडाच्या मंजूर आराखड्याची आणि मंजुरीतल्या अटींची प्रत मिळावी म्हणून भावाच्या नावाने माहिती अधिकारात अर्ज केला आहे. तो आपल्यापैकीच कोणाच्या तरी टेबलावर आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मिनेसोटात राहणारी एक वाहतूक नियोजनकार